टिंबापुढची भाषा : डीबेसचा इतिहास आणि संदर्भपुस्तकातून शिकणे

शाळेच्या ग्रंथालयात एक जाड नोंदवही असते. पुस्तक कोणी नेले, कधी नेले, कधी परत केले हे तीत ओळीने लिहिलेले असते. नोंद करायला ही वही सोयीची असते. तिला प्रश्न विचारायचा म्हटला की मात्र अडचण सुरू होते. ‘आठवीतल्या कोणत्या मुलांकडे एक महिन्याहून अधिक काळ पुस्तके राहिली आहेत?’ एवढ्याशा प्रश्नासाठी पानामागून पान चाळावे लागते. उत्तर वहीतच असते, पण ते चटकन हाती लागत नाही.

माहिती साठवणे आणि साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट संगणकाकडून करून घेणे १९७० च्या दशकात मोठ्या कंपन्या, बँका, सरकारी खाती आणि संशोधनसंस्था यांनाच शक्य होते. १९८० नंतर ती सोय टेबलावरच्या लहान संगणकावर आली. संगणकशास्त्राचे कोणतेही औपचारिक शिक्षण न घेतलेले डॉक्टर, हिशेबनीस, ग्रंथपाल, शिक्षक स्वतःच्या कामापुरते प्रोग्रॅम लिहू लागले. त्यांच्यातल्या अनेकांचा गुरू म्हणजे संगणकाशेजारी उघडे पडलेले एक जाडजूड संदर्भपुस्तक. अशा पुस्तकातून नेमके काय शिकता येते आणि काय शिकता येत नाही, हे त्या काळाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. म्हणून तो थोडा तपशिलाने पाहू.

तक्ता ही कल्पना

सुरुवात करू १९७० पासून. एडगर कॉड हे मूळचे इंग्रज गणिती आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्या वर्षी जूनमध्ये त्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तोपर्यंत मोठ्या संगणकांवरची माहिती झाडाच्या फांद्यांसारखी किंवा जाळ्यासारखी एकमेकींत गुंतवून ठेवलेली असे. एखादी गोष्ट शोधायची तर कोणत्या फांदीवरून कुठे जायचे ही वाट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावी लागे. मांडणी बदलली की वाट बदले आणि प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागे.

कॉड यांनी सुचवले की सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. दोन तक्त्यांमधला संबंध वाटेने दाखवू नका, दोन्हीकडे असलेल्या समान मूल्याने दाखवा. आपल्या ग्रंथालयाचेच उदाहरण घेऊ. पहिल्या तक्त्यात पुस्तके : दाखलक्रमांक, नाव, लेखक. दुसऱ्यात सभासद : क्रमांक, नाव, इयत्ता. तिसऱ्यात देवघेव : पुस्तकाचा दाखलक्रमांक, सभासदाचा क्रमांक, नेल्याची तारीख, परतीची तारीख. देवघेवीच्या तक्त्यात ना पुस्तकाचे नाव, ना मुलाचे. दोन क्रमांकांवरून ती नावे केव्हाही शोधता येतात.

याचा फायदा काय? समजा, आपण एकच मोठा तक्ता केला आणि प्रत्येक देवघेवीपुढे मुलाचे नाव व इयत्ता लिहिली. जूनमध्ये मूल आठवीतून नववीत गेले की त्याच्या प्रत्येक नोंदीत इयत्ता बदलावी लागेल. वीसपैकी दोन नोंदी बदलायच्या राहिल्या, तर तेच मूल एकाच वेळी आठवीत आणि नववीत दिसेल. तीन तक्ते केले तर इयत्ता एकाच जागी असते आणि एकदाच बदलावी लागते. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची, एवढे हे साधे तत्त्व आहे. या कामासाठी कॉड यांना १९८१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

पैजेसाठी केलेला खटाटोप

आता कॅलिफोर्नियातच पण दक्षिणेकडे, पासाडेना इथल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत जाऊ. नासाची अनेक अंतराळयाने हाताळणारी ही संस्था. वेन रॅटलिफ हे तिथे काम करत. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या मोहिमेसाठी माहिती हाताळणारी एक प्रणाली त्यांनी लिहिली होती. १९७८ मध्ये त्यांना एक वेगळाच प्रश्न पडला. कार्यालयातले सहकारी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांवर पैजा लावत. कोणता संघ जिंकेल याचा अंदाज बांधायला वर्तमानपत्रांतले आकडे हाताने तपासणे जिकिरीचे होते. हे काम संगणकावर करावे असे रॅटलिफ यांच्या मनात आले.

त्यांच्या घरी आयएमएसएआय ८०८० हा सुटे भाग जोडून केलेला संगणक होता. त्यातल्या ८०८० या सूक्ष्मप्रक्रियकाला जास्तीत जास्त ६४ किलोबाइट स्मृती वापरता येई. आज फोनवर काढलेले एक छायाचित्रसुद्धा त्यात मावणार नाही. लॅबोरेटरीतल्या मोठ्या युनिव्हॅक संगणकावर जेपीएलडिस नावाची, फोरट्रान भाषेत लिहिलेली माहिती-प्रणाली होती. तिच्या घडणीत जेब लाँग यांचा मोठा वाटा होता. रॅटलिफ यांनी ती नमुन्यादाखल समोर ठेवली आणि लहान यंत्रासाठी नवा प्रोग्रॅम असेंब्ली भाषेत लिहिला. त्याचे नाव ठेवले ‘व्हल्कन’. ‘स्टार ट्रेक’ या दूरदर्शन मालिकेतल्या मिस्टर स्पॉक या पात्राचा हा ग्रह.

रॅटलिफ यांनी व्हल्कन जाहिरात देऊन ५० डॉलरला विकायला काढला. घरबसल्या धंदा करणे त्यांना झेपेना. मग जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली या दोघांनी विक्रीचे हक्क घेतले आणि प्रोग्रॅमचे नाव बदलून ‘डीबेस टू’ केले. ‘डीबेस वन’ कधी निघालाच नव्हता. ‘दुसरी आवृत्ती’ म्हटले की गिऱ्हाइकाला वस्तू मुरलेली वाटते! कंपनीचे नाव ठेवले ॲश्टन-टेट. त्यांत टेट होते, पण ॲश्टन नावाचा कोणी भागीदार नव्हता. किंमत झाली ६९५ डॉलर. १९८४ मध्ये डीबेस थ्री आणि त्यानंतर डीबेस थ्री प्लस आले. भारतात संगणक-वर्गांमधून सर्वदूर पोचला तो हा थ्री प्लस.

पडद्यावरचे टिंब

डीबेस सुरू केले की पडद्यावर फक्त एक टिंब दिसे आणि त्यापुढे आज्ञेची वाट पाहणारी लुकलुकणारी खूण. याला ‘डॉट प्रॉम्प्ट’ म्हणत. नवख्या माणसाला हे टिंब घाबरवणारे वाटे, कारण पुढे काय लिहायचे याचा पडद्यावर काहीच सुगावा नसे. पण तेच टिंब उत्तम शिक्षकही होते. कसे ते पाहा. आज्ञा रोमन लिपीतच द्याव्या लागत. इथे आपण त्या देवनागरीत लिहू.

‘यूज सभासद’ असे लिहिले की सभासदांचा तक्ता उघडे. ‘लिस्ट’ म्हटले की सगळ्या नोंदी पडद्यावरून सरकत जात. ‘लिस्ट फॉर इयत्ता = ८’ म्हटले की फक्त आठवीची मुले दिसत. ‘अपेंड’ म्हणजे नवी नोंद जोडा, ‘रिप्लेस’ म्हणजे रकान्यातला मजकूर बदला. प्रत्येक ओळीचे फळ तिथल्या तिथे समोर येई. चूक झाली तर डीबेस तक्रार करी, आपण ओळ सुधारून पुन्हा लिहीत असू. फळ्यावर एक पायरी सोडवून लगेच ताळा घ्यावा, तसेच हे.

पुढची पायरी त्याहून महत्त्वाची. टिंबापुढे एकेक करून दिलेल्या याच आज्ञा एका फाइलमध्ये ओळीने लिहिल्या आणि ‘डू’ म्हणून ती फाइल चालवली, की झाला प्रोग्रॅम. वापरायची भाषा आणि प्रोग्रॅमची भाषा एकच होती. त्यामुळे वापरणारा माणूस नकळत प्रोग्रॅम लिहिणारा होई. थ्री प्लसमध्ये ‘असिस्ट’ नावाची यादीतून निवड करण्याची सोय होती. तिच्यातून निवड करत गेले की तयार होणारी आज्ञा पडद्याच्या खालच्या भागात उमटत असे. ती पाहून आज्ञा पाठ होई.

एक छोटी आज्ञावली पाहू. तक्त्यातली पहिली नोंद घ्यायची, तिच्यावर काम करायचे, पुढच्या नोंदीवर जायचे आणि तक्ता संपेपर्यंत हे करत राहायचे. ‘डू व्हाइल’ आणि ‘एन्डडू’ या दोन ओळींमध्ये हे काम लिहीत. पुढच्या नोंदीवर नेणारी आज्ञा होती ‘स्किप’. ती लिहायची राहिली तर यंत्र त्याच एका नोंदीवर अखंड काम करत बसे. पुनरावृत्ती थांबण्यासाठी प्रत्येक फेरीत काहीतरी बदलले पाहिजे, हा संगणकशास्त्रातला मूलभूत धडा अशा रीतीने समजे. थांबलेला पडदाच तो शिकवी.

‘डी’पासून ‘झेड’पर्यंत

संदर्भपुस्तकात आज्ञा इंग्रजी वर्णक्रमाने दिलेल्या असत. प्रत्येकीचे रूप, कोणते भाग ऐच्छिक, एखादे उदाहरण आणि शेवटी ‘हेही पाहा’ अशी ओळ. भारतात ॲलन सिम्पसन यांचे डीबेस थ्री प्लसवरचे पुस्तक, पुढे आर. के. टक्साली यांचे ‘फॉक्सप्रो २.५ मेड सिंपल’ अशी पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती असत. त्यांत पायरीपायरीने शिकवणारी प्रकरणे होती. पण काम अडले की माणूस वर्णक्रमाच्या यादीकडेच वळे.

शब्दकोश पाठ करून जशी भाषा येत नाही, तसेच इथेही. शब्दकोश उघडायला आधी अडलेला शब्द हवा. संदर्भपुस्तक उघडायला आधी अडलेले काम हवे. काम असले की पुस्तक बोलू लागे. ‘डिलीट’ ही आज्ञा घ्या. नोंद खोडायची म्हणून ‘डी’चे पान उघडले. आज्ञा दिली, पण फाइलचा आकार तेवढाच राहिला. ‘हेही पाहा’मध्ये ‘पॅक’ आणि ‘रिकॉल’ हे शब्द दिसले. तिकडे गेल्यावर उलगडा झाला : ‘डिलीट’ने नोंद पुसली जात नाही, तिच्या अगदी आधीच्या एका जागेत फुलीसारखे तारकाचिन्ह पडते. ‘रिकॉल’ने ते चिन्ह काढता येते. ‘पॅक’ म्हटल्यावरच खूण केलेल्या नोंदी खरोखर काढल्या जातात. हजेरीपटावर शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या नावावर रेघ मारावी आणि पुढच्या वर्षी नवा पट करताना ते नाव गाळावे, तशातला हा प्रकार. आणि यादीच्या अगदी टोकाला ‘झॅप’ बसलेली असे. ती सगळा तक्ता एका दमात रिकामा करी आणि तिला ‘रिकॉल’चा उतारा नव्हता.

शोधण्याचेही तसेच. ‘लोकेट’ ही आज्ञा पहिल्या नोंदीपासून एकेक तपासत जाई. एक लाख नोंदी असतील तर सरासरीने ५० हजार नोंदी तपासाव्या लागणार. ‘इंडेक्स’ करून ‘सीक’ म्हटले तर चित्र पालटे. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी क्रमाने लावलेली सूची. क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध पाहायचे, नको तो अर्धा भाग सोडायचा, उरलेल्याच्या मधोमध पाहायचे. एक लाखाचे असे अर्धे-अर्धे करत गेल्यास १७ पायऱ्यांत उत्तर मिळते, कारण २ चा १७ वा घात १,३१,०७२ आहे. डीबेसची सूची प्रत्येक पायरीला दोनापेक्षा अधिक फाटे फोडी, म्हणून चकतीवरून वाचायच्या खेपा याहूनही कमी होत.

पुस्तकाने न विचारलेला प्रश्न

आता संदर्भपुस्तकाची मर्यादा पाहू. थ्री प्लसमध्ये तारखेसाठी खास रकाना होता आणि फाइलमध्ये वर्ष चार अंकीच साठवले जाई. पडद्यावर मात्र ते दोन अंकी दिसे आणि दोनच अंक भरता येत. भरलेल्या दोन अंकांआधी १९ धरले जाई. ‘सेट सेंच्युरी ऑन’ अशी एक आज्ञा दिली की चारही अंक दिसत आणि भरता येत. ही आज्ञा पुस्तकात होती, ‘एस’च्या पानांवर, इतर अनेक ‘सेट’ आज्ञांच्या गर्दीत.

१९८८ मध्ये शाळेसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ती शोधण्याचे कारण काय? सगळ्या मुलांचे जन्म विसाव्या शतकातले होते. पण तोच प्रोग्रॅम तसाच चालू राहिला असता, तर २००१ मध्ये जन्मलेले मूल २००७ मध्ये पहिलीत दाखल होताना १०६ वर्षांचे ठरले असते. २००० साल जवळ आले तसे जगभर असे प्रोग्रॅम तपासावे लागले. उत्तर छापलेले होते. प्रश्न छापलेला नव्हता. संदर्भपुस्तक विचारलेल्याचे उत्तर देते, काय विचारायला हवे होते ते सांगत नाही. ते काम शिक्षकाचे, किंवा शेजारी बसलेल्या अनुभवी माणसाचे.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे असाच एक न छापलेला प्रश्न होता. पुण्याच्या सी-डॅकने, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्राने, जिस्ट कार्ड उपलब्ध केले. त्याचे मूळ काम आयआयटी कानपूरमधले. हे कार्ड संगणकात बसवले की डीबेससारख्या इंग्रजीसाठी केलेल्या प्रोग्रॅममध्येही देवनागरीत नोंदी करता येत. त्यासाठीची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तिच्यात अक्षरांचे क्रमांक साधारण वर्णमालेच्या क्रमाने असल्यामुळे नावे बऱ्याच अंशी अकारविल्हे लागत.

पण रकान्याची रुंदी किती ठेवायची? ‘लक्ष्मी’ हे नाव आपण दोन अक्षरांचे मानतो. संगणकाच्या दृष्टीने ते ल, क, हलन्तखूण, ष, हलन्तखूण, म आणि दीर्घ ईची वेलांटी असे सात संकेतांचे होते. इंग्रजी पुस्तकातली उदाहरणे पाहून पाच जागांचा रकाना केला तर ‘लक्ष्मी’ मावणार नाही. परदेशी पुस्तकातून शिकताना आपल्या माहितीचा स्वभाव आपल्यालाच ओळखावा लागतो.

शब्द कोणाचे?

या इतिहासातला सर्वांत मोठा वाद भाषेच्या मालकीचा होता. डीबेसची भाषा लोकप्रिय झाल्यावर इतर कंपन्यांनी तीच भाषा समजणारे प्रोग्रॅम केले. नॅन्टकेट कंपनीचे क्लिपर आले. ओहायो राज्यातल्या फॉक्स सॉफ्टवेअरचे फॉक्सबेस आणि १९८९ मध्ये फॉक्सप्रो आले. डीबेससाठी लिहिलेली आज्ञावली यांवर थोड्याफार बदलाने चाले, आणि अधिक वेगाने चाले. उलट १९८८ मध्ये आलेल्या डीबेस फोरमध्ये बरेच दोष निघाले. त्याच वर्षी ॲश्टन-टेटने फॉक्सवर स्वामित्वहक्काचा दावा लावला.

यात पणाला काय लागले होते? ज्या हजारो लोकांनी पुस्तकातून ‘यूज’, ‘लिस्ट’, ‘सीक’ शिकून आपल्या दवाखान्याचे, दुकानाचे, शाळेचे काम त्यांवर उभे केले होते, त्यांची विद्या एकाच कंपनीच्या मालाला बांधली जाणार होती. एखाद्या पेटीच्या कारखान्याने ‘सा रे ग म’ आमचे आहे, दुसऱ्या कोणाच्या पेटीवर ते वाजवू नका, असे म्हणण्यासारखे हे होते.

डिसेंबर १९९० मध्ये लॉस एंजलिसच्या न्यायाधीशांनी ॲश्टन-टेटचा स्वामित्वहक्कच रद्द ठरवला. डीबेसचे मूळ जेपीएलडिसमध्ये आहे ही गोष्ट हक्कनोंदणी करताना लपवली गेली, असे कारण दिले. एप्रिल १९९१ मध्ये त्याच न्यायाधीशांनी तो निर्णय मागे घेतला. दरम्यान बोरलँड कंपनी ॲश्टन-टेट विकत घेत होती. अमेरिकेच्या न्यायखात्याने या खरेदीला मान्यता देताना अट घातली : डीबेसच्या आज्ञांच्या नावांवर आणि भाषेवर बोरलँडने हक्क सांगू नये, फॉक्सवरचा दावाही सोडून द्यावा. शिकणाऱ्यांचे शब्द मोकळे झाले.

फाइल उरली

कंपन्यांचे पुढे काय झाले? मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्स विकत घेतली आणि त्याच वर्षी स्वतःचे ॲक्सेस बाजारात आणले. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नवी आवृत्ती निघणार नाही असे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केले आणि २०१५ मध्ये त्याची मदतसेवाही थांबली. टिंबासमोर बसून पाठ केलेल्या बहुतेक आज्ञांना आज फारसे कोणी विचारत नाही.

पण डीबेसची फाइल टिकली. तिची रचना इतकी साधी आणि सर्वांना माहीत आहे की आजचे लिबरऑफिससारखे मोफत प्रोग्रॅमही ती उघडतात. नकाशांच्या क्षेत्रात तर ती रोज वापरली जाते. एस्री कंपनीने १९९० च्या दशकात आणलेल्या ‘शेपफाइल’ या प्रकारात जिल्ह्यांच्या किंवा नद्यांच्या आकृत्या एका फाइलमध्ये असतात आणि त्यांची नावे, क्षेत्रफळे वगैरे माहिती डीबेसच्या फाइलमध्ये. म्हणून या नकाशांतल्या रकान्यांची नावे आजही दहा अक्षरांपुरतीच ठेवावी लागतात. ही मर्यादा डीबेसच्या वेळेपासूनची आहे.

आणि तक्त्याची कल्पनाही टिकली. भाषा बदलल्या, कॉड यांचे तीन तक्ते तसेच राहिले. ज्याने आज्ञांची फक्त यादी पाठ केली होती त्याला प्रत्येक नव्या प्रोग्रॅमबरोबर नव्याने सुरुवात करावी लागली. ज्याने आपली माहिती नीट तक्त्यांत वाटून घ्यायला शिकले होते त्याला फक्त नवे शब्द शिकावे लागले.

हे वर्गात करून पाहता येईल, आणि त्यासाठी संगणकही लागत नाही. मुलांना ग्रंथालयाच्या नोंदवहीची दोन पाने द्या. आधी त्यांच्याकडून दहा प्रश्न लिहून घ्या, जे या नोंदींना विचारता यावेत. मग त्या नोंदी तीन वेगळ्या कागदांवर तीन तक्त्यांत लिहायला सांगा. एखाद्या मुलाची इयत्ता बदला, एखादे पुस्तक हरवले असे समजा, एकाच नावाची दोन मुले आणा. प्रत्येक वेळी किती जागी खाडाखोड करावी लागली ते मोजा. एकाहून अधिक जागी करावी लागली, तर तक्ते पुन्हा आखायला लावा.